दोराला पहिलं पाणी

"सहा मीटर ब्याण्णव," मी म्हणाले.

"ब्याण्णव की एक्याण्णव? आत्ताच नीट बघ, नाहीतर पुन्हा मोजायला लावशील," दोराचं दुसरं टोक धरून रोहिणीवहिनी म्हणाली.

"ब्याण्णव. दोनदा मोजलं."

"दोनदा! अगं, माझ्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा एकदाच बघितला होता."

मे महिन्याची तीन तारीख, दुपारचा दीड. उंडीबेटावरच्या गोड्या विहिरीच्या चौथऱ्यावर आम्ही दोघी उकिडव्या बसलो होतो. जांभा दगड तव्यासारखा तापला होता आणि माझी स्टीलची टेप हाताला चटके देत होती. उन्हाने टेप किती वाढली असेल याचा हिशेबही मी मनात केला. दोन मिलिमीटरही नाही. सोडून द्यायला हरकत नव्हती.

विहिरीचा जुना तागाचा दोर तीन ठिकाणी झिजला होता. रोहिणीवहिनीने खाडीपलीकडच्या बाजारातून नवा, निळा, प्लॅस्टिकचा दोर आणला होता. जुन्या दोरावर एक गाठ होती आणि गाठीला लाल चिंधी. पोहऱ्याच्या कडीपासून ती गाठ जितक्या अंतरावर होती, तितक्याच अंतरावर नव्या दोराला गाठ मारायची होती. ती मी मारली, चिंधी सोडवून तिच्यावर बांधली आणि पुन्हा एकदा मोजलं. सहा मीटर ब्याण्णव.

"सासूबाई खूश होतील," वहिनी म्हणाली. "डोळ्याची पट्टी निघाली की पहिल्यांदा हा दोर दाखवू."

जुना दोर तिने अंगणात कपडे वाळत घालायला बांधला.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, पदार्थविज्ञानातली पदवी घेऊन सोलापुरात घरी बसले होते. माझी मावशी खाडीपलीकडच्या शाळेत शिक्षिका होती. उंडीबेटावरच्या बायकांच्या बचत गटाने त्या वर्षी पहिल्यांदाच उन्हाळी पाहुणे ठेवायचं ठरवलं होतं: सात घरं, प्रत्येक घरात एक खोली. पाहुण्यांच्या हातात द्यायला एक पुस्तिका हवी होती. मावशीने गटाच्या प्रमुख रोहिणी भाटकर यांना सांगितलं, "माझी भाची लिहिते बरं आणि विचारते फार." अशी मी एप्रिलच्या एकविसाव्या तारखेला पाठीवर सॅक टाकून हसनचाचांच्या होडीत बसले.

"किती दिवस ऱ्हानार?" चाचांनी इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं.

"पुस्तिका पूर्ण होईपर्यंत."

"एवढासा बेट. एका बाजूला शिंक दिलीस तर दुसऱ्या बाजूचा मानूस 'देव बरा करो' बोलेल. त्याची पुस्तिका?"

बेट खरंच एवढंसं होतं. एकतीस घरं. धक्क्यापासून विहिरीपर्यंत दोनशे चौदा पावलं. पश्चिमेच्या पुळणीवर, तिथल्या वाळूवर, उंडीच्या झाडांची सावली अकरा चाळीसपर्यंत टिकायची आणि मग साडेतीनला परत यायची. उत्तरेच्या खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, जायचं तर पूर्ण ओहोटीच्या एक तास आधी निघायचं, म्हणजे परत येताना घाई होत नाही. खडपाच्या खळग्यांत निळ्या शेपटीचे मासे, चपला मात्र घट्ट पट्ट्याच्या हव्यात. भागीवयनीच्या घरी सकाळी घावणे आणि नारळाचा रस. सांगून ठेवलं नाही तर आठच्या आत संपतात. हे सगळं मी मोजून, चालून, खाऊन लिहिलं. खरं सांगायचं तर इतकी सुखी मी आधी कधी नव्हते.

राहायला मी रोहिणीवहिनीकडेच होते. तिची सासू, द्वारकाकाकू, सत्तरीची. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, आवाज मात्र पार धक्क्यापर्यंत पोचणारा. विहीर त्यांच्या परसाला लागून होती आणि तिची राखण त्यांच्याकडे होती. बेटावर विहिरी तीन. त्यातली पिण्याजोगी ही एकच. बाकी दोन्हींचं पाणी भांडी घासण्यापुरतं.

विहिरीची पद्धत अशी होती. बायका पाणी भरायला यायच्या, रहाटावरून पोहरा सोडायच्या. पाणी वर असलं की थोडाच दोर लागायचा आणि लाल गाठ रहाटाच्या अलीकडे, हाताशी राहायची. जसजसा उपसा होई तसतसं पाणी खाली जाई, दोर जास्त लागे आणि गाठ रहाटाकडे सरके. पोहरा पाण्याला टेकला आणि गाठ रहाटावर चढली की काकू ओरडायच्या, "निजली गो!" म्हणजे विहीर निजली. मग हंडा अर्धा असो की रिकामा, बायका परत फिरायच्या. निजलेल्या विहिरीत कोणी पोहरा सोडायचा नाही. ती सकाळी उठायची.

आणि सुरुवातीला, रोज, पहिला पोहरा कोणाच्याच हंड्यात जायचा नाही. तो दगडी दोणीत ओतायचा, त्यात सगळा दोर बुडवून ठेवायचा. निथळता दोर मग रहाटावर चढवायचा आणि नंतर भरायला लागायचं. काकू म्हणायच्या, "आधी त्याला पाज, मग तू पी."

मी काकूंना प्रश्न विचारायची आणि वहीत क्रमांक घालून लिहायची. उंडीच्या बियांचं तेल कशाला वापरतात, भरतीची वेळ तिथीवरून कशी काढतात, खेकडा पौर्णिमेला पोकळ का लागतो. काकू वैतागायच्या नाहीत. "इचार, इचार. तोंडाला काय भाडा लागतंय?" मे उजाडेपर्यंत दोनशे सत्त्याऐंशी प्रश्न झाले होते.

दोराबद्दल मी विचारलं नाही. गरजच वाटली नाही. ते पाहिलं त्याच संध्याकाळी मी पुस्तिकेच्या चौथ्या पानावर लिहून टाकलं: "उंडीबेटावर पहिलं पाणी दोराला पाजतात. जो दोर आपल्याला पाणी देतो त्याच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करणारी ही सुंदर जुनी रीत आहे." वाक्य मला फार आवडलं होतं. पाचशे प्रती छापून आल्या तेव्हा मी पहिल्यांदा तेच पान उघडलं.

काकू दोन मेला मोतीबिंदू काढायला पलीकडे गेल्या. धूर-धूळ नको म्हणून दहा दिवस लेकीकडे राहणार होत्या. आम्ही दोर बदलला तो त्यांच्या पाठीमागे, त्यांना चकित करायला.

नवा दोर आला आणि विहिरीचं चांगलं चाललं. चार तारखेला पहिले नऊ पाहुणे उतरले, पाण्याची गरज वाढली, तरी संध्याकाळी गाठ रहाटावर चढेचना. प्रत्येकीला दोन-दोन हंडे जास्त मिळायला लागले. काकूंच्या जागी उभी राहून रोहिणीवहिनी "निजली गो" म्हणायची तोवर बायका भरून घरी पोचलेल्या असायच्या.

"या पोरीच्या हातात बरकत हाय," भागीवयनी म्हणाली. "गाठ मारली नि इहीर दुभती झाली."

हसनचाचा धक्क्यावरून ओरडले, "केतकीबाय, माझ्या डिझेलच्या टाकीला पन एक गाठ मारून दे!"

मी हसले. आणि वहीत लिहिलं: "या वर्षी विहिरीची पातळी अपेक्षेपेक्षा चांगली टिकून आहे." सवयीने बायका निळा दोरही दोणीत बुडवत होत्या. प्लॅस्टिकवरून पाणी तसंच ओघळून जायचं. मला ते पाहून गंमत वाटायची.

बारा तारखेला काकू परत आल्या. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. चाचांनी हात धरून उतरवलं तर म्हणाल्या, "सोड मेल्या, आता मला तुझा थोबाड दिसतंय. आंधळी होते तीच बरी होते."

अंगणात बाजेवर बसल्या. वहिनीने चहा आणला. काकूंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला.

"पानी कुठचा?"

"आपल्याच विहिरीचं," वहिनी म्हणाली.

"आपल्या?"

"हो. का?"

काकू उठल्या. आत गेल्या, माठातलं पाणी फुलपात्रात घेतलं, तोंडात धरलं, दाराबाहेर थुंकलं. मग माझ्याकडे वळल्या. "तू पी गो."

मी प्यायले. मला नेहमीसारखंच लागलं. वहिनीलाही. काकू एवढंच म्हणाल्या, "तुम्ही रोज पिताय. मी धा दिवस दुसरा पिऊन आलंय."

त्या क्षणी मला माझ्या सॅकमधली बाटली आठवली. पहिल्या दिवशी, एकवीस एप्रिलला, मी विहिरीचं पाणी एका काचेच्या बाटलीत भरून तारखेची चिठ्ठी लावून ठेवलं होतं. कशासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं, कॉलेजातली सवय. मी दोन सारख्या स्टीलच्या वाट्या घेतल्या. एकीत बाटलीतलं पाणी, दुसरीत आजचं, दोन्हींत दहा-दहा चमचे. गॅसवर ठेवून दोन्ही आटवल्या. पहिल्या वाटीच्या तळाशी फिकट, पुसट कडं उरलं. दुसरीच्या तळाशी पांढरा थर. मी बोट लावून जिभेवर ठेवलं.

मीठ होतं.

"शुक्रवारी बावीस जणं येणार," वहिनी भिंतीला टेकून म्हणाली. त्या दिवशी मंगळवार होता. "आणि पावसाला अजून महिना आहे. सासूबाई, आता?"

काकू विहिरीवर गेल्या होत्या. आम्ही मागोमाग गेलो. त्या निळा दोर मुठीतून सरकवत होत्या, पोहऱ्यापासून गाठीपर्यंत आणि गाठीपासून पोहऱ्यापर्यंत. चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"जुना कुठं हाय?"

वहिनीने अंगणातून आणून दिला. त्याला अजून कपड्यांच्या चिमट्यांचे वळ होते.

"काकू," मी म्हणाले, "गाठ बरोबर त्याच जागी आहे. मी दोनदा मोजलंय. सहा मीटर ब्याण्णव."

"आता मोज."

मी टेप लावली. जुन्या दोराची गाठ मी सोडवलेली नव्हती, फक्त चिंधी काढली होती. सहा मीटर ब्याण्णव. एक क्षण मला जिंकल्यासारखंही वाटलं.

काकूंनी दोर माझ्या हातातून घेतला, भांडी घासायच्या विहिरीतून आणलेलं पाणी दोणीत ओतायला लावलं आणि दोर त्यात बुडवला. आम्ही थांबलो. तागाचा रंग गडद होत गेला, बुडबुडे आले. काकू काठावर बसून ऑपरेशनच्या वेळचा डॉक्टर कसा सारखा शिंकत होता ते सांगत राहिल्या. माझं लक्ष नव्हतं. पंधरा मिनिटांनी त्यांनी दोर वर काढला. तो बोटाएवढा जाड झाला होता.

"मोज."

सहा मीटर अठ्ठेचाळीस.

मी पुन्हा मोजलं. सहा मीटर अठ्ठेचाळीस. पिळाचा ताग पाणी प्यायला की फुगतो, आणि फुगला की आखडतो. पदवीच्या पहिल्या वर्षाचं पोरही हे समजून घेईल. मी स्टीलची टेप उन्हाने किती वाढली याचा हिशेब केला होता आणि ज्याला मोजत होते त्या दोराचा केला नव्हता. गाठ ओल्या दोराची होती. मी ती कोरड्या दोरावरून उतरवून घेतली होती. बेटाची विहीर नऊ दिवस रोज चव्वेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक हात, जास्त उपसली गेली होती, आणि त्या हातभर पाण्याच्या जागी खालून समुद्र वर आला होता.

"माझ्या आजेसासूच्या टायमाला इहीर खारी झालेली," काकू म्हणाल्या. "दोन वर्सं. लोक बेट सोडून गेले. परत आले तेव्हा ही गाठ मारली. ती बोलायची, तहानलेला दोर खोटा बोलतो. त्याला पाजून मग इचार."

मी दोणीच्या कडेला बसले.

"रडतंस काय? तेवढा पानी तरी गोड हाय काय बघ," काकू म्हणाल्या. मग जरा वेळाने, "किती प्रश्न झाले गो तुझे?"

"दोनशे सत्त्याऐंशी."

"हा एकच ऱ्हायला."

संध्याकाळी बायका हंडे घेऊन यायच्या आधी वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं. ती गटाची प्रमुख होती, पाहुण्यांची कल्पना तिची होती, आणि तिला विरोध करणारी चार घरं बेटावर होतीच. "उन्हाळा कडक आहे, म्हणून पाणी बिघडलं, असं सांगू," ती म्हणाली. "खोटंही नाही तसं. तू चार दिवसांनी जाशील, मला इथे राहायचंय."

ती चुकीचं बोलत नव्हती. पण कारण उन्हाळा असेल तर बायका त्याच गाठीवर पाणी भरत राहिल्या असत्या. मी तिला तेवढंच सांगितलं. तिने डोक्याला हात लावला आणि म्हणाली, "चल. पण मी तुझ्या शेजारी उभी राहणार."

सत्तावीस बायका होत्या. मी दोन्ही वाट्या दाखवल्या, दोन्ही दोर दाखवले, काय झालं ते सांगितलं. माझ्यामुळे झालं हेही सांगितलं. मग मागून एक आवाज आला, "येवढी शिकलीस ती दोरी मोजायला?" आणि दुसरा, "पावनेच नको बोलत होतो आम्ही." वहिनीचा चेहरा उतरला.

भागीवयनी पुढे आली. तिनेच माझ्या हातात बरकत आहे म्हटलं होतं. तिने पांढऱ्या वाटीला बोट लावलं, चाखलं, आणि वाटी माझ्या हातात परत दिली, जरा जोरातच. "माझ्या सुनेला सातवा म्हयना हाय," ती म्हणाली.

मी वाटी दोणीच्या काठावर ठेवली.

काकू काठी टेकून उठल्या. "हिला बोलायचा ते अर्धा बोला," त्या म्हणाल्या. "अर्धा मला. दोराला पाजायचा मी हिला रोज दाखवला. कशाला ते एकदा पन नाय बोलले. माझ्या सुनेला तरी बोलले काय? ही बाराव्वी शिकलेली, माझ्या घरात पंधरा वर्सं. तुमच्यातल्या कोनाला ठाव होता? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सत्तावीस जणी रोज दोर पाजत होत्या.

"बघा. मी मेले असते तर ही गोष्ट माझ्यासंगती जळली असती. ह्या पोरीने चूक केली म्हनून कळला तरी." मग त्या विहिरीकडे वळल्या आणि नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "निजली गो!" आणि पुढे, हळू: "आता मी उठवीन तेव्हाच उठेल."

विहीर बारा दिवस निजली. हसनचाचा प्रत्येक भरतीला पलीकडून पिंप भरून आणायचे. "पान्यावरून पानी आनतंय," ते म्हणायचे. "ही नोकरी माझ्या बापाने पन केली नव्हती." पहिलं पिंप रोज भागीवयनीच्या सुनेच्या दारात उतरायचं, ते मी स्वतः ढकलत न्यायची. तिसऱ्या दिवशी भागीवयनीने मला दारात थांबवून पानात गुंडाळलेले दोन घावणे दिले.

पाहुण्यांना फोन मीच केले. सहा कुटुंबं, बावीस माणसं. प्रत्येकाला सांगितलं की विहीर आजारी आहे, ती माझ्या चुकीमुळे. पिण्याचं पाणी मिळेल, अंघोळीला माणशी एकच कळशी. यायचं नसेल तर मी समजू शकते. दोन कुटुंबांनी नाही म्हटलं. नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांनी सगळं ऐकून विचारलं, "डास आहेत का?"

"आहेत," मी म्हणाले. "संध्याकाळी सहा ते साडेसात फार."

"मग बाकीचंही खरंच सांगत असाल. येतो आम्ही."

चौदा जण आले. ते पुळणीवर लोळले, खडपावर गेले, घावणे खाल्ले, आणि नाशिकचे गृहस्थ रोज संध्याकाळी विहिरीच्या कठड्याशी जाऊन आत न डोकावता विचारायचे, "झोप लागली आहे ना?"

पंचवीस मेच्या सकाळी काकूंनी मला उठवलं. आदल्या दिवशी वहिनीने पलीकडून नवा तागाचा दोर मागवला होता. आम्ही तो रात्रभर दोणीत ठेवला होता आणि ओला असतानाच मी गाठ मारली होती. सहा मीटर अठ्ठेचाळीस. काकूंनी स्वतः पोहरा सोडला, अगदी हलकेच, नुसता वरवरचा थर घ्यावा तसा. ओंजळ भरून घेतली, तोंडात धरली. मी त्यांच्या घशाकडे बघत होते. त्यांनी गिळलं.

"बाटली आन तुझी," त्या म्हणाल्या.

बाटलीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते चाखलं, पुन्हा विहिरीचं चाखलं. "तुझ्या बाटलीपेक्षा जरा कमी. पन माझ्या डॉक्टरच्या चहापेक्षा लई बरा." मग त्यांनी तो पोहरा दोणीत ओतला. पहिलं पाणी दोराला.

मग उरली पुस्तिका. चौथ्या पानावरच्या त्या वाक्यावर चिकटवायला मी पाचशे चिठ्ठ्या कापल्या. ताग कसा आखडतो, विहिरीत गोडं पाणी खाऱ्यावर कसं तरंगतं, हे सगळं चार ओळींत बसवून मी काकूंना वाचून दाखवलं.

"येवढा लिवू नको," त्या म्हणाल्या. "सगळा लिवलास तर कोन इचारेल? न इचारता कळला की मानूस इसरतो." आणि त्यांनी सांगितलं तसं मी पाचशे वेळा लिहिलं: "संध्याकाळी विहिरीवर पहिलं पाणी दोराला पाजतात. का, ते तिथे विचारा."

चिकटवायला भागीवयनी, वहिनी, काकू, सगळ्या बसल्या. भाताची पेज खळ म्हणून वापरली. नव्या डोळ्याने काकूंनी दोन चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या आणि तशाच राहू दे म्हणाल्या.

त्या जूनमध्ये मी भूजलाच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला. तिथे मला कळलं की बेटाखालचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं, आणि वरून वीतभर कमी झालं तर खालून खारं पाणी चाळीस विती वर यायला बघतं. वर्गात हे सूत्र फळ्यावर आलं तेव्हा मी ते उतरवून घेतलं नाही. आता मी दुष्काळी गावांत विहिरी मोजते. काही मोजायच्या आधी तिथल्या बाईला विचारते, तुम्ही हे असं का करता? कारण मला ठाऊक आहे असं वाटलं, तर आवर्जून विचारते.

गेल्या महिन्यात उंडीबेटावर जाऊन आले. दर मेमध्ये जातेच. भागीवयनीचा नातू सहा वर्षांचा आहे आणि "निजली गो" तोच ओरडतो. काकूंचा आवाज आता परसापलीकडे जात नाही. त्या कठड्याशी खुर्ची टाकून बसतात. संध्याकाळी दोर माझ्याकडे दिला. मी पहिला पोहरा दोणीत ओतून दोर बुडवला, तेवढ्यात पुस्तिका हातात घेतलेली एक पाहुणी मुलगी जवळ आली. कॉलेजातली असावी. पुस्तिका नव्या छपाईची होती. चिठ्ठीवरचं वाक्य आता पानावरच छापलेलं.

"हे का करतात?" तिने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "हिलाच इचार. हिने अख्खा बेट तहानेला घातला होता."

मग मी तिला सगळं सांगितलं. कोरडा दोर, ओला दोर, चव्वेचाळीस सेंटिमीटर. दोर भिजायला पंधरा मिनिटं लागतात, गोष्ट तेवढ्यात पूर्ण होते.

"मला वाटलं, आभार मानायची पद्धत असेल," ती जराशी हिरमुसून म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं."

"म्हणजे तसं काही नाहीये."

दोर जाड झाला होता. मी तो दोणीतून उचलला, निथळू दिला.

"बाकीच्यांचं माहीत नाही," मी म्हणाले. "मी त्यासाठीही पाजते."

"पुरे गो भाषण," काकू म्हणाल्या. "बायका खोळंबल्यात. सोड पोहरा."